रूटला कमांड सापडत नाही तेव्हा: पाथ तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

रूट म्हणून काम सुरू करावे, 'एफडिस्क -एल' असे टंकावे आणि शेलने, म्हणजे टंकलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर द्यावे, हा अनुभव युनिक्स प्रणाली सांभाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. सर्वाधिकार असलेल्या खात्यालाच डिस्कची साधी यादी मिळू नये, याचे नवख्या प्रशासकाला आश्चर्य वाटते आणि तो पॅकेज पुन्हा बसवण्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात प्रोग्राम /यूएसआर/एसबिन या प्रशासनाच्या प्रोग्रामांसाठीच्या डिरेक्टरीत जागच्या जागी असतो. प्रोग्राम कुठे शोधायचे हे शेलला सांगणारे पाथ हे व्हेरिएबल तेवढे चुकलेले असते.

या बिघाडावर हाताशी येईल ती फाइल उघडून तिच्या शेवटी एक ओळ वाढवणे हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी टिकणारा उपाय आहे. तो टिकत नाही, कारण रूटचा पाथ म्हणून एकच एक गोष्ट नसते. कन्सोलवरून थेट लॉगिन, दुसऱ्या खात्यात नेणाऱ्या 'एसयू' आणि 'एसयू -', रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या 'सुडो' आणि 'सुडो -आय', ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन आणि प्रणालीच्या सेवा सुरू करणारी सिस्टमडी ही रूट होण्याची निरनिराळी दारे आहेत आणि प्रत्येक दारात पाथ वेगळ्या ठिकाणाहून उचलला जातो. म्हणून आपण कोणत्या दाराने आत आलो हे आधी ठरवावे आणि त्या दाराची फाइल मग उघडावी. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

या लेखात कमांड, फाइली आणि व्हेरिएबल यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टंकावीत आणि पाथ हे व्हेरिएबल कॅपिटल अक्षरांत लिहावे, कारण युनिक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो. सी शेल आणि झेड शेल यांत लहान अक्षरांतले पाथ हे वेगळे, यादीच्या स्वरूपातले व्हेरिएबल असते. तेथे एक बदलले की दुसरेही बदलते.

शेल प्रोग्राम कसा शोधतो

पाथमध्ये डिरेक्टऱ्यांची नावे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे कोलनने, जोडलेली असतात. शेल ही यादी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या नावाचा चालवता येणारा प्रोग्राम जेथे प्रथम सापडेल तेथे थांबतो. त्यामुळे यादीत कोणत्या डिरेक्टऱ्या आहेत याला जितके महत्त्व आहे तितकेच त्यांच्या क्रमालाही आहे. कमांडच्या नावात तिरकी रेघ असेल, उदाहरणार्थ '/यूएसआर/एसबिन/एफडिस्क', तर पाथ पाहिलाच जात नाही. निदानाची पहिली चाचणी यातूनच मिळते: पूर्ण मार्ग दिल्यावर कमांड चालत असेल तर दोष पाथमध्ये आहे, तरीही चालत नसेल तर पाथला हात लावू नये.

पाथकडे वळण्यापूर्वी शेल आणखी काही ठिकाणी पाहतो. बॅशमध्ये आधी एलियास (कमांडला दिलेले टोपणनाव), मग शेल फंक्शन, मग शेलमध्येच अंगभूत असलेल्या कमांड, त्यानंतर पूर्वी सापडलेल्या जागांची हॅश यादी आणि सर्वांत शेवटी पाथ असा क्रम असतो. म्हणून एखादी कमांड 'चुकीची' चालते आहे असे वाटल्यास पुढील कमांड द्यावी. त्या नावाचे सर्व दावेदार ती क्रमाने दाखवते.

टाइप -ए एफडिस्क

'व्हिच' या कमांडपेक्षा 'टाइप' अधिक भरवशाची आहे. बहुतेक प्रणालींवर 'व्हिच' हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम असल्यामुळे शेलमधील फंक्शन आणि हॅश यादी त्याला आपसूक दिसत नाहीत. बॅश नसलेल्या साध्या शेलमध्ये 'कमांड -व्ही' वापरावी.

चुकीचा संदेश नेमका काय आहे हेही नीट वाचावे. 'कमांड नॉट फाउंड' आणि 127 हा निर्गम क्रमांक मिळाल्यास प्रोग्राम सापडलेला नाही. 'परमिशन डिनाइड' आणि 126 मिळाल्यास फाइल सापडली आहे, पण ती चालवता येत नाही. हा क्रमांक 'एको $?' या कमांडने लगेच पाहता येतो. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा संदेश मात्र फसवा असतो. फाइल डोळ्यांसमोर असूनही तो येत असेल, तर पहिल्या ओळीत नाव दिलेला, स्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रिटर किंवा प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडणारा डायनॅमिक लोडर गहाळ असण्याची शक्यता मोठी असते. दुसरे कारण म्हणजे जुनी हॅश नोंद: प्रोग्राम /यूएसआर/बिन मधून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये हलवला, पण आधीपासून उघडा असलेला शेल जुन्याच पत्त्यावर जात राहतो. 'हॅश -आर' दिल्याने बॅश ही नोंद विसरतो. सी शेलमध्ये त्याच कामासाठी 'रीहॅश' आहे.

पहिली पायरी: खरा पाथ पाहणे

येथे एक चूक इतक्या वेळा होते की तिच्यासाठी थोडे थांबायला हवे. सुडोला कोणता पाथ मिळतो हे पाहण्यासाठी अनेक जण पुढील कमांड देतात:

सुडो एको $पाथ

या कमांडचे उत्तर सुडोबद्दल काहीही सांगत नाही. डॉलरचिन्हापुढील नावाचे मूल्य आपला स्वतःचा शेल सुडो सुरू होण्यापूर्वीच भरून टाकतो, त्यामुळे पडद्यावर दिसतो तो सामान्य वापरकर्त्याचा पाथ. 'पाथ तर बरोबर दिसतो आहे, तरी कमांड सापडत नाही' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हीच तपासणी असते. योग्य तपासणी पुढील दोहोंपैकी एका रीतीने करावी. दुसऱ्या रीतीत एकेरी अवतरणचिन्हे अत्यावश्यक आहेत.

सुडो प्रिंटएन्व्ह पाथ
सुडो एसएच -सी 'एको $पाथ'

रूटच्या शेलमध्ये आधीच असाल तर यादी प्रत्येक डिरेक्टरी वेगळ्या ओळीवर येईल अशी फोडून पाहावी. सलग ओळीत न दिसणारा दोष अशा उभ्या यादीत चटकन नजरेत भरतो.

एको "$पाथ" | टीआर ':' '\एन'

यादीत रिकामी ओळ दिसली तर ती गंभीर बाब समजावी; तिचे कारण सुरक्षिततेच्या भागात येईल. एसबिन नावाची एकही डिरेक्टरी नसेल, तर आपण सामान्य वापरकर्त्याचा पाथ घेऊनच रूट झालो आहोत असा बहुधा अर्थ होतो. एकच डिरेक्टरी उरलेली असेल, तर कोणीतरी नवे मूल्य देताना जुने '$पाथ' जोडायला विसरले आहे.

आधीच चालू असलेल्या प्रक्रियेचा पाथ हवा असेल, तर लिनक्सवर /प्रॉक मधून तो वाचता येतो. पुढील ओळीत 1234 च्या जागी त्या प्रक्रियेचा क्रमांक घालावा.

टीआर '\0' '\एन' < /प्रॉक/1234/एन्व्हायरन | ग्रेप '^पाथ='

ही फाइल प्रक्रिया सुरू होतानाची स्थिती दाखवते. नंतर प्रक्रियेने स्वतः केलेले बदल तिच्यात दिसतीलच असे नाही.

दुसरी पायरी: दार ओळखणे

'एसयू' आणि 'एसयू -' यांत एका आडव्या रेघेचा फरक आहे आणि या विषयातील सर्वाधिक गोंधळ त्या रेघेपाशीच होतो. रेघेसह दिलेली कमांड लॉगिन शेल सुरू करते, म्हणजे रूटने स्वतः लॉगिन केल्यासारखे वातावरण नव्याने उभे राहते. रेघ नसेल तर जुन्या वापरकर्त्याचे वातावरण बरेचसे तसेच पुढे येते. डेबियनमध्ये 2019 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी 'एसयू' हा प्रोग्राम शॅडो या संचातून येत असे आणि रेघ नसतानाही पाथ रूटला साजेसा करून देत असे. दहाव्या आवृत्तीपासून तो यूटिल-लिनक्स या संचातला आहे आणि रेघेशिवाय दिल्यास पाथला हात लावत नाही. डेबियनवर सामान्य वापरकर्त्याच्या पाथमध्ये एसबिन डिरेक्टऱ्या नसल्यामुळे, अनेक वर्षे नुसते 'एसयू' टंकण्याची सवय असलेल्या प्रशासकांना 'यूजरॲड', 'एफडिस्क' यांसारख्या कमांड अचानक दिसेनाशा झाल्या. प्रणाली बिघडलेली नव्हती, तिचे वर्तन बदलले होते.

यावरचा खरा उपाय सवय बदलण्याचा आहे: रूटचे काम करायचे असेल तेव्हा नेहमी 'एसयू -' द्यावे. तरीही जुने वर्तन हवेच असेल, तर /ईटीसी/लॉगिन.डेफ्स किंवा /ईटीसी/डिफॉल्ट/एसयू या फाइलीत पुढील ओळ लिहावी.

ऑलवेज_सेट_पाथ येस

ही ओळ असली की रेघेशिवायही पाथ नव्याने बसवला जातो आणि त्यासाठीचे मूल्य लॉगिन.डेफ्स मधील 'ईएनव्ही_एसयूपाथ' या नोंदीतून घेतले जाते. त्याच फाइलीत सामान्य वापरकर्त्यांसाठी 'ईएनव्ही_पाथ' ही वेगळी नोंद असते. घाईत पाहताना दोन्ही सारख्या वाटतात, म्हणून कोणती बदलतो आहोत हे दोनदा पाहावे. डेबियनवर रूटच्या नोंदीचे मूल्य असे असते:

/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन

ही यादी बहुतेक लिनक्स प्रणालींसाठी सुरक्षित आणि पुरेशी आहे. दुरुस्ती करताना संदर्भ म्हणून ती जवळ ठेवावी.

सुडोचे दार अगदी निराळे आहे. /ईटीसी/सुडोअर्स या फाइलीत 'सिक्युअर_पाथ' ही नोंद असेल, तर वापरकर्त्याचा पाथ बाजूला ठेवून कमांड शोधण्यासाठी आणि चालवण्यासाठी केवळ त्या नोंदीतली यादी वापरली जाते. रूटच्या .बॅशआरसी मध्ये कितीही ओळी लिहिल्या तरी 'सुडो अमुक-कमांड' या प्रकारावर त्यांचा परिणाम होत नाही, कारण तेथे ती फाइल वाचणारा परस्परसंवादी शेल सुरूच होत नाही. वातावरण जपण्यासाठी असलेला '-ई' हा पर्यायही सिक्युअर_पाथपुढे निष्प्रभ ठरतो. रेड हॅट कुळातील अनेक आवृत्त्यांत या नोंदीत /यूएसआर/लोकल/बिन ही डिरेक्टरीच नसते, त्यामुळे स्वतः संकलित करून तेथे बसवलेला प्रोग्राम साध्या वापरकर्त्याला सापडतो आणि सुडोला सापडत नाही. कारण माहीत नसले की ही परिस्थिती अत्यंत अनाकलनीय वाटते.

'सुडो -एस' दिल्यास सिक्युअर_पाथ घेऊन साधा शेल उघडतो. 'सुडो -आय' दिल्यास रूटचा लॉगिन शेल उघडतो आणि /ईटीसी/प्रोफाइलसह लॉगिनच्या फाइली वाचल्या जातात, म्हणून पाथचा अंतिम शब्द त्या फाइलींचा असतो. एकाच यंत्रावर 'सुडो कमांड' आणि 'सुडो -आय' यांची उत्तरे वेगळी का येतात, याचे स्पष्टीकरण एवढेच आहे.

सुडोची आणखी दोन कारणे पाथशी संबंधित नसूनही पाथचा दोष वाटतात. आपल्या शेलमधला एलियास सुडोला दिसत नाही, आणि 'सीडी' ही मुळात शेलच्या पोटातली कमांड असल्याने 'सुडो सीडी' अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. अशा वेळी पाथ बदलण्यात अर्थ नाही. 'सीडी' साठी 'सुडो -एस' ने शेल उघडून काम करावे.

क्रॉनमधून चालणाऱ्या कामांना पाथ फार तोकडा मिळतो, बहुधा '/यूएसआर/बिन:/बिन' एवढाच. हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि रात्री क्रॉनमधून गप्प पडते, तेव्हा प्रथम याचाच संशय घ्यावा. क्रॉनटॅबच्या माथ्यावर पाथची ओळ लिहिता येते, पण ती शेलची ओळ नाही. तेथे '$पाथ' लिहिल्यास त्याचा विस्तार होत नाही, ती अक्षरे जशीच्या तशी राहतात; म्हणून संपूर्ण यादी लिहावी. /ईटीसी/क्रॉनटॅब या फाइलीतला पाथ त्याच फाइलीपुरता असतो, 'क्रॉनटॅब -ई' ने लिहिलेल्या रूटच्या स्वतंत्र क्रॉनटॅबला तो लागू होत नाही. रात्रीची वाट न पाहता क्रॉनसारखे रिते वातावरण लगेच तयार करून स्क्रिप्ट तपासता येते:

एन्व्ह -आय होम=/रूट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी '/रूट/बॅकअप.एसएच'

सिस्टमडीच्या सेवाही लॉगिनच्या फाइली वाचत नाहीत. सेवेच्या फाइलीत 'एक्झेकस्टार्ट' पुढे पूर्ण मार्ग लिहावा. त्या सेवेने पुढे चालवलेल्या प्रोग्रामांना वेगळा पाथ हवा असेल, तर 'सिस्टमसीटीएल एडिट' ने 'एन्व्हायर्नमेंट=पाथ=' अशी ओळ जोडावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी.

तिसरी पायरी: दोष कोणत्या ओळीत आहे ते शोधणे

दार लॉगिन शेलचे आहे असे ठरले की फाइलींचा क्रम आठवावा. बॅशचा लॉगिन शेल प्रथम /ईटीसी/प्रोफाइल वाचतो, आणि मग रूटच्या घरातील .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल यांपैकी जी पहिली सापडेल ती एकच वाचतो. कोणी नवी .बॅश_प्रोफाइल तयार केली की आजवर वाचली जाणारी .प्रोफाइल त्या क्षणापासून दुर्लक्षित होते. एखाद्या प्रोग्रामच्या स्थापनेनंतर पाथ अचानक तुटला असेल, तर सर्वप्रथम हे पाहावे. लॉगिन नसलेला परस्परसंवादी शेल, जसा रेघेशिवायच्या 'एसयू' ने मिळतो, तो घरातील .बॅशआरसी वाचतो.

पाथ कोठे बदलला जातो हे शोधण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे शेललाच त्याचे पाऊल न् पाऊल दाखवायला लावणे.

बॅश -एल -एक्स -सी ट्रू 2>&1 | लेस

या कमांडने लॉगिनच्या फाइलींतील प्रत्येक ओळ चालता चालता छापली जाते. 'लेस' मध्ये तिरकी रेघ देऊन 'पाथ=' शोधावे आणि मूल्य नेमके कोणत्या पावलावर बिघडले ते पाहावे. शेवटची बरोबर ओळ आणि पहिली चुकीची ओळ यांच्यामध्ये कोणती फाइल समाविष्ट झाली हेही तेथे दिसते, कारण /ईटीसी/प्रोफाइल.डी मधील फाइली टिंबाच्या कमांडने आत घेतल्या जातात. माझ्या मते दहा फाइली उघडून डोळ्यांनी वाचण्यापेक्षा ही एक कमांड अधिक उपयोगी आहे.

सापडलेल्या ओळीत बहुधा ओळखीच्या चुकांपैकीच एखादी असते. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली, की शेल 'पाथ' हीच कमांड समजतो. शेवटी '$पाथ' जोडले नाही, की जुनी यादी पुसली जाते. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकाला एक अदृश्य अक्षर राहते आणि यादीतली शेवटची डिरेक्टरी त्यामुळे सापडत नाही. 'कॅट -ए' ने ते '^एम' असे दिसते. दुहेरी अवतरणात लिहिलेले '~/बिन' बॅश सांभाळून घेतो, पण इतर शेल घेतीलच असे नाही. म्हणून तेथे '$होम/बिन' लिहावे.

/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलीबद्दल विशेष सावध राहावे. लिनक्सवर ती शेल वाचत नाही, पॅम या लॉगिनची पडताळणी करणाऱ्या व्यवस्थेचे 'पॅम_एन्व्ह' हे मॉड्यूल वाचते. दिसायला ती शेलच्या फाइलीसारखी असली तरी तिच्यात शेलचे नियम चालत नाहीत, आणि 'पाथ=$पाथ:/ऑप्ट/साधने/बिन' अशी ओळ तेथे लिहिली तर अपेक्षित विस्तार न होता संपूर्ण पाथच निकामी होतो. ती प्रणालीवरील सर्वांना लागू असल्याने एका ओळीने रूटसह सगळ्यांचे शेल लुळे पडू शकतात.

चौथी पायरी: पाथ पूर्ण तुटला असताना उभे राहणे

'एलएस' सुद्धा सापडत नाही अशी वेळ आली तरी उघडे असलेले टर्मिनल बंद करू नये. तोच अजून हातात असलेला रूटचा शेल आहे. पुढील ओळ तेवढ्या शेलपुरता पाथ पुन्हा उभा करते:

एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन

'एक्सपोर्ट' ही शेलची अंगभूत कमांड असल्यामुळे पाथ रिकामा असतानाही ती चालते. 'कमांड -पी एलएस' असे लिहिल्यास शेल चालू पाथ सोडून प्रणालीच्या ठरीव मार्गावर शोध घेतो. हा पर्याय पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकात आहे, म्हणून अपरिचित युनिक्सवरही तो कामाला येतो. डिरेक्टरीत काय आहे ते 'एको *' ने, कोणत्याही बाह्य प्रोग्रामशिवाय पाहता येते.

लॉगिन करताच पाथ तुटत असेल, तर त्या फाइली टाळून आत जावे:

/यूएसआर/बिन/सुडो /बिन/बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी

हाही रस्ता बंद असेल तर यंत्र बचाव स्थितीत सुरू करावे लागते. तेथे मूळ फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी जोडलेली असू शकते. दुरुस्तीपूर्वी '/बिन/माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ही कमांड पूर्ण मार्गासह द्यावी.

पाचवी पायरी: योग्य जागी दुरुस्ती

दुरुस्तीचा नियम असा ठेवावा की ज्या दाराचा दोष, त्याच दाराच्या फाइलीत बदल. लॉगिन शेलसाठी /ईटीसी/प्रोफाइल किंवा /ईटीसी/प्रोफाइल.डी मधील स्वतंत्र फाइल, केवळ रूटसाठी रूटच्या घरातील फाइल, 'एसयू' साठी लॉगिन.डेफ्स आणि सुडोसाठी सुडोअर्स. डेबियनच्या /ईटीसी/प्रोफाइलमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का हे तपासून रूटला आणि इतरांना वेगवेगळे पाथ दिले जातात. ती जोडी मोडू नये.

सुडोअर्स ही फाइल साध्या संपादकात कधीही उघडू नये. 'विसुडो' वापरले की फाइल जतन होण्यापूर्वी तिचे व्याकरण तपासले जाते. फाइलीत व्याकरणाची चूक राहिली तर सुडो चालण्यास नकार देऊ शकतो, आणि रूटचा पासवर्ड ठरवलेलाच नसेल तर आत येण्याचे एकमेव दार बंद होते. म्हणून बदल करताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचा शेल उघडा ठेवावा, तिसऱ्यावर चाचणी घ्यावी आणि 'विसुडो -सी' ने तपासणी करूनच पहिले दोन बंद करावेत. नोंद अशी दिसते:

डिफॉल्ट्स सिक्युअर_पाथ="/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन"

एकदाच लागणाऱ्या प्रोग्रामसाठी ही नोंद वाढवू नये. पूर्ण मार्ग द्यावा, किंवा 'सुडो एन्व्ह "पाथ=$पाथ" अमुक-कमांड' असे त्या वेळेपुरते करावे. अर्थात असे करताना आपला वैयक्तिक पाथ रूटच्या हाती जातो, तेव्हा त्यात काय आहे हे आधी पाहिलेले असावे.

फाइलीत ओळ लिहितानाही एक सापळा आहे. 'सुडो टी -ए' ला दुहेरी अवतरणातली ओळ दिली, तर '$पाथ' चे त्या क्षणीचे मूल्य कायमचे फाइलीत कोरले जाते. विस्तार पुढे व्हावा अशी इच्छा असेल तर एकेरी अवतरण वापरावे.

रूटच्या पाथमध्ये काय नसावे

कमांड सापडू लागली म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ जण येथे थांबतात. मला हा भाग आधीच्या सर्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण न सापडणारी कमांड फक्त काम अडवते, तर चुकीच्या जागी सापडलेली कमांड संपूर्ण यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊ शकते.

चालू डिरेक्टरी दर्शवणारे टिंब रूटच्या पाथमध्ये कधीही असू नये. कोणीही लिहू शकेल अशा /टीएमपी मध्ये एखाद्याने 'एलएस' नावाची स्क्रिप्ट ठेवली आणि रूटने तेथे जाऊन 'एलएस' टंकले, तर यादीत टिंब आधी असल्यास ती स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते. टिंब शेवटी ठेवले तर धोका टळतो हा समज चुकीचा आहे, कारण नेहमीच्या टंकनचुकांच्या नावाने ठेवलेली फाइल तेव्हाही पकडली जाते. रिकाम्या ओळीचे गांभीर्य येथे उलगडते: पाथच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेला कोलन, तसेच मध्येच आलेले दोन सलग कोलन, या प्रत्येकाचा अर्थ शेल चालू डिरेक्टरी असाच घेतो. व्हेरिएबल रिकामे असताना 'पाथ=$जादा:$पाथ' अशी ओळ चालली की टिंब न लिहिताही ते यादीत येऊन बसते.

यानंतर यादीतील प्रत्येक डिरेक्टरीची मालकी पाहावी. बॅशमध्ये पुढील ओळ कंसासह द्यावी, म्हणजे विभाजकातला बदल बाहेर उरत नाही:

(आयएफएस=:; फॉर डी इन $पाथ; डू एलएस -एलडीएल "$डी"; डन)

प्रत्येक डिरेक्टरीचा मालक रूट असावा, आणि गटाला वा इतरांना लिहिण्याचा अधिकार नसावा. हीच अट तिच्या वरच्या डिरेक्टऱ्यांनाही लावावी, कारण वरच्या पातळीवर लिहिता येणारा माणूस खालची डिरेक्टरी नाव बदलून दूर करू शकतो आणि तिच्या जागी स्वतःची ठेवू शकतो. अस्तित्वात नसलेल्या डिरेक्टरीची नोंदही काढून टाकावी. आज ती निरुपद्रवी असली तरी उद्या ती कोण तयार करील हे आपल्या हातात नसते. सामान्य वापरकर्त्याच्या घरातील बिन डिरेक्टरी रेघेशिवायच्या 'एसयू' बरोबर रूटच्या पाथमध्ये नकळत येते, आणि रेघ देण्याचा आग्रह धरण्याचे हे दुसरे, अधिक वजनदार कारण आहे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर होमब्रू हे पॅकेज बसवण्याचे साधन वापरत असल्यास /यूएसआर/लोकल/बिन ही डिरेक्टरी सहसा साध्या वापरकर्त्याच्या मालकीची असते. तेथे रूटसाठी प्रणालीच्या डिरेक्टऱ्या तिच्या आधी ठेवणे शहाणपणाचे आहे.

इतर युनिक्सवर कोठे पाहावे

मॅकओएसवर यादी /ईटीसी/पाथ्स आणि /ईटीसी/पाथ्स.डी यांत असते आणि लॉगिनच्या वेळी 'पाथ_हेल्पर' ती जोडतो. फ्रीबीएसडीवर /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ पाहावे, आणि बदलानंतर 'कॅप_एमकेडीबी /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ' चालवावे. 2023 च्या चौदाव्या आवृत्तीपासून तेथे रूटचा शेल सी शेलऐवजी 'एसएच' झाला आहे, जुनी .सीएसएचआरसी त्यामुळे नव्या स्थापनेत परिणाम करत नाही. सोलारिसवर /ईटीसी/डिफॉल्ट/लॉगिन आणि /ईटीसी/डिफॉल्ट/एसयू या दोन्ही फाइलींत 'एसयूपाथ' असतो आणि दोन्ही दारांसाठी दोन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. एआयएक्सवर /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट पाहावे.

काही लिनक्स वितरणांनी बिन आणि एसबिन हा भेदच मिटवला आहे. आर्चने 2013 मध्ये आणि फेडोराने 2025 च्या बेचाळिसाव्या आवृत्तीत या डिरेक्टऱ्या एकत्र केल्या. अशा यंत्रावर एसबिन गहाळ असणे हे कारण उरत नाही. मात्र सिक्युअर_पाथ, क्रॉन आणि /यूएसआर/लोकल यांचे प्रश्न तेथेही तसेच राहतात.

दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक दाराची चाचणी नव्या शेलमध्ये, वेगवेगळी घ्यावी: एकदा 'एसयू -' ने, एकदा 'सुडो प्रिंटएन्व्ह पाथ' ने, एकदा 'सुडो -आय' ने, आणि क्रॉनमध्ये एका मिनिटानंतर चालेल असे 'प्रिंटएन्व्ह पाथ > /रूट/पाथ-तपासणी' हे तात्पुरते काम लावून. चारही उत्तरे जुळावीत अशी अपेक्षा नाही. प्रत्येक उत्तर कोणत्या फाइलीतून आले हे आपल्याला सांगता आले की तात्पुरती क्रॉन नोंद काढून टाकावी आणि उघडे ठेवलेले रूटचे टर्मिनल बंद करावे.